रसातला पीळ, काचेतला पाट

मंडळी, गळीत हंगाम संपलाय. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याची चिमणी शांत आहे, तेव्हा प्रकाशाबद्दल निवांत बोलू. सुरुवात मात्र कारखान्याच्या प्रयोगशाळेतूनच करतो.

'पोल किती आला?' हे तिथं रोज विचारतात. पोल मोजतात म्हणजे काय करतात? प्रकाश हेलकावत चालतो. गाळणी लावून त्याचे फक्त उभे हेलकावे पुढं सोडायचे आणि वीस सेंटिमीटरच्या नळीतल्या गाळलेल्या रसातून न्यायचे. साखर त्यांची दिशा उजवीकडं फिरवते. जितकी साखर, तितका पीळ; त्यावरून ठरतो पोल. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की साखर फुटते, तिच्यातलं फ्रुक्टोज डावीकडं ओढतं आणि पोल घसरतो.

एकट्या फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाच्या, याच दिशेत क्वांटम माहिती ठेवतात. उभी शून्य, आडवी एक, तिरपी असेल तर दोन्ही मिसळलेली. अडचण आहे वाटेची. टेबलावर आरसे मांडून फोटॉन फिरवायचे, तर कुणी दार आपटलं तरी मांडणी हलते. म्हणून वाट काचेतच लिहायची.

जपानमध्ये हिराओ यांच्या गटानं १९९६ साली ती फेम्टोसेकंद लेसरनं लिहिली. एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद मावतात, तितके सेकंद मोजायला ३ कोटी १७ लाख वर्षं लागतील! शंभर फेम्टोसेकंदांत प्रकाश केसाच्या जाडीइतकाही सरकत नाही. एवढ्या वेळात लेसरच्या एका झटक्याची, म्हणजे स्पंदाची, सगळी ऊर्जा एका टिंबावर आली की एरवी तो प्रकाश आरपार सोडणारी काच त्या टिंबापुरती अनेक फोटॉन एकदम गिळते. तिथली काच किंचित बदलते, वरचा पृष्ठभाग तसाच राहतो. काच सरकवत नेली की टिंबांची रेघ होते. तो प्रकाशाचा पाट.

असे स्पंद आपल्याकडंही जुने आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत धर्माधिकारी, माथूर आणि सहकाऱ्यांनी ते बेरियम फ्लोराइडच्या स्फटिकातून नेऊन पांढरा प्रकाश मिळवला. तो निबंध २००४ चा. पुढं २०१० साली रोम आणि मिलानच्या संशोधकांनी लेसरनं लिहिलेल्या पाटांतून दिशेत गुंतलेली, म्हणजे एकाची दिशा दुसऱ्याच्या दिशेशी बांधलेली, फोटॉनांची जोडी नेली, आणि तिचं नातं टिकलं.

आता दारं धरणाऱ्यांनी ऐकावं. दोन पाट अगदी जवळ आणले की प्रकाश एकातून दुसऱ्यात पाझरतो. पाणी निम्मं-निम्मं वाटलं जातं. एकटा फोटॉन मात्र मोजायला गेलात तर अखंडच सापडतो, या पाटात नाहीतर त्या पाटात. हुबेहूब सारखे दोन फोटॉन दोन पाटांतून नेमके एकाच वेळी आले, तर दोघं मिळून डावीकडं जातात किंवा दोघं मिळून उजवीकडं. फारकत नाही. अमेरिकेत हाँग, ऊ आणि मँडेल यांनी हे १९८७ साली पाहिलं, पाटांत नव्हे, अर्धपारदर्शक आरशावर. एकाला जरा उशीर झाला की सोबत सुटते.

टेबलावर दोन गाळण्या आणि मधे साखरेच्या घट्ट पाकाची बरणी ठेवली आहे. मागं दिवा आहे. एकेकानं या, पुढची गाळणी सावकाश फिरवा आणि पाकाचे रंग बदलताना पाहा.