गच्चीपुरते गणित



आकाशमित्रांच्या या संमेलनाच्या स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे पुण्यात स्वागत करतो.

आकाशाच्या गणिताला हे शहर नवखे नाही. केरो लक्ष्मण छत्रे यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० साली छापली गेली आणि ग्रहांची स्थाने मराठीतून काढता येऊ लागली. इथल्याच सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी जेऊरला मुक्काम टाकून होते. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना हाताशी धरत आली आहे.

शुक्राचे अधिक्रमण आपल्यापैकी अनेकांनी २००४ आणि २०१२ साली पाहिले. पुढचे २११७ मध्ये. अवकाश स्थानकाचे सूर्यचंद्रावरून होणारे अधिक्रमण मात्र थोडी पायपीट करायची तयारी असेल तर वरचेवर मिळते. अट एकच, जागा अचूक हवी.

चंद्र पावणेचार लाख किलोमीटरवर आहे, म्हणून कोथरूडहून आणि हडपसरहून तो ताऱ्यांमध्ये जवळपास एकाच जागी दिसतो. स्थानक जेमतेम चारशे किलोमीटरवर आहे. ते डोक्यावर असताना आपण दहा किलोमीटर सरकलो, तर ते आकाशात जवळजवळ दीड अंश सरकते, आणि चंद्रबिंब आहे अर्ध्या अंशाचे! त्यामुळे कोथरूडच्या गच्चीवर अधिक्रमण होते तेव्हा हडपसरचा निरीक्षक कोऱ्या चंद्राकडे पाहत बसतो. बिंब माथ्यावर असेल तर अधिक्रमण दिसण्याचा हा पट्टा साडेतीन-चार किलोमीटर रुंद असतो आणि सगळा सोहळा अर्ध्या सेकंदात आटोपतो.

त्यातही स्थानकाची कक्षा स्थिर नाही. विरळ हवेच्या घर्षणाने ते हळूहळू खाली येते, मग इंजिन चालवून त्याला पुन्हा वर ढकलतात. आठवड्यापूर्वी काढलेले भाकीत म्हणूनच शिळे समजावे. आदल्या दिवशीचे कक्षेचे आकडे घेऊन गणित पुन्हा करावे आणि मगच दुर्बीण गाडीत ठेवावी.

डोळ्यांवर विसंबू नका, चित्रीकरण अर्धा मिनिट आधीच सुरू करा. नंतर एकेक चौकट पुढे सरकवत गेलात की सूर्यबिंबावर सौरपंख पसरलेली ती काळी आकृती सापडते. शेजारचा सौरडाग जागचा हलत नाही, ही चौकटीगणिक पुढे जाते. आणि हे कितीदाही सांगायला मी तयार आहे: सूर्याचा फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावरच लावायचा. नेत्रिकेजवळ लावला, तर तिथे एकवटलेल्या उन्हाने त्याची काच तडकते आणि डोळा कायमचा जातो.

मोबाइलवर आज तयार भाकिते मिळतात, ती जरूर वापरावीत. पण ती कुठून येतात हे बार्शीच्या, चिपळूणच्या नववीतल्या मुलीला समजावे आणि आपल्या शाळेच्या अंगणापुरते गणित तिला स्वतः मांडता यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. छत्र्यांच्या कोष्टकांचा वारसा सांगणाऱ्या शहराने एवढे तरी केलेच पाहिजे. म्हणून उद्या सकाळचे सत्र भाषणांचे ठेवलेले नाही. प्रत्येकाने आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहून आणावी. कागद, संगणक आणि मदतीला अनुभवी मंडळी सभागृहात असतील.

निवासाची किंवा भोजनाची काही अडचण आली तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. आता अध्यक्षमहोदयांनी संमेलनाची सूत्रे हाती घ्यावीत, अशी मी त्यांना विनंती करतो.