सरहद्द, परवाना आणि शेजार



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही निवडलेला विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. देशाच्या सरहद्दीवर कोणते कागद मागावेत, कोणाला सोडावे आणि कोणाला अडवावे, याचा विचार अमृतसरला व्हावा, सिलिगुडीला व्हावा. पारनेरला त्याचे काय? हा तालुका कोरडवाहू, समुद्र घाटापलीकडे आणि परदेशाची सीमा शेकडो कोसांवर. परंतु या शंकेचे उत्तर याच गावाच्या इतिहासात आहे. सेनापती बापट १८८० साली येथे जन्मले; आणि पंचाहत्तरी जवळ आली असता, १८ मे १९५५ रोजी, ना. ग. गोरे यांच्यासमवेत सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्याच्या हद्दीत शिरले. त्या तुकडीपाशी पोर्तुगीजांचा परवाना नव्हता. आपल्याच भूमीत पाऊल टाकण्यास परवाना देणारे पोर्तुगीज कोण, हाच तर तंट्याचा मुद्दा होता. तेव्हा सरहद्दीच्या कागदाचा प्रश्न पारनेरला अगदीच परका नाही.

आम्हांला जे मांडावयाचे आहे ते थोडक्यात असे. सरहद्दीवर कागद मागणे हा राष्ट्राचा हक्क आहे; त्याविषयी आमचा वाद नाही. प्रश्न आहे तो त्या कागदाचे ओझे कोणाच्या डोक्यावर पडते, याचा. ज्याला अडवावयाचे त्याच्यावर ते पडत असेल, तर नियम चांगला. तो मात्र वाट काढून निघून जात असेल आणि बाजारहाटासाठी, मजुरीसाठी, लेकीच्या भेटीसाठी जाणारा शेजारी तेवढा नाक्यावर ताटकळत असेल, तर तो नियम कितीही कडक दिसला तरी त्याने राष्ट्राचे रक्षण होत नाही.

नगर जिल्ह्यातील जुन्या मंडळींना सरहद्द म्हणजे काय हे सांगावयास नको. १९४८ पर्यंत या जिल्ह्याच्या कडेलाच निजामाचे राज्य होते. प्रवरासंगमाजवळ गोदावरीच्या अलीकडे इंग्रजांचा मुलूख आणि पलीकडे कायगावच्या बाजूस निजामाचा. पलीकडे नाणे निराळे, हाली सिक्क्याचे. आणि मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, द्यावी लागे. नदी एक, भाषा एक, सोयरीक एक. पण गुळाच्या ढेपेला आणि कापसाच्या गाडीला कागद लागे. पुढे १९४७-४८ साली रझाकारांच्या अत्याचारांमुळे ही शांत हद्द धगधगू लागली, आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ती नकाशावरून पुसली गेली. आज संभाजीनगरकडे जाणारी बस त्या पुलावरून जाते तेव्हा आपण हद्द ओलांडली हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. हद्दी अशा येतात आणि जातात. शेजार मात्र राहतो. म्हणून हद्दीचे नियम करणाऱ्याने शेजाराचा विचार आधी करावयास हवा.

आता गोव्याकडे वळू. या विषयाचा सर्व गुंता त्या एका उदाहरणात सापडतो.

गोवा आणि त्याच्या भोवतालचा मुलूख यांचा व्यवहार फार जुना. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात एक तह झाला. त्याने दोन्ही मुलुखांमधील जकातीची भिंत काढून टाकली आणि मुरगाव बंदरापासून घाटावर कॅसलरॉकपर्यंत आगगाडीची वाट मोकळी करून दिली. व्यापाऱ्यांची सोय झाली. परंतु त्याच तहाने गोव्यातील मिठागरे इंग्रजांच्या ताब्याखाली आणली. कारण इंग्रज सरकार मिठावर कर घेत असे आणि गोव्याचे बिनकराचे मीठ चोरून आत येऊ नये अशी त्याची इच्छा होती. मोकळ्या व्यापाराची किंमत मिठागरावरच्या गरिबाने दिली. १८९२ मध्ये तहाची मुदत संपली, तो पुन्हा झाला नाही, आणि जकातीचे नाके परत उभे राहिले. नाका उठवितानासुद्धा ओझे कोणावर सरकते ते पाहावे लागते, हा या तहाचा धडा आहे.

जकातीचे नाके परतले, तरी माणसांची ये-जा चालूच होती. सावंतवाडी, बेळगाव, कारवार येथून भाजीपाला, धान्य, गुरे गोव्यात जात. तिकडून नारळ, सुपारी, काजू, मासळी येई. त्याहून मोठी निर्यात माणसांची. मुंबईत हजारो गोवेकर बोटींवर, खाणावळींत, कचेऱ्यांत आणि बँडपथकांत काम करीत, गावोगावच्या ‘कुडां’त राहत आणि महिन्याच्या महिन्याला घरी पैसे धाडीत. पारनेर तालुक्यास हे चित्र समजावून सांगण्याचे कारण नाही. येथील किती घरे मुंबईच्या मनिऑर्डरीवर दुष्काळांतून तरली, हे आपण आमच्यापेक्षा अधिक जाणता.

१९५३ च्या जूनमध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. १९५४ मध्ये दादरा व नगरहवेली मुक्त झाली. आणि त्याच काळात भारत व गोवा यांच्यामधील प्रवासावर परवान्यांची, मालावर आणि पैशांच्या पाठवणीवर निर्बंधांची साखळी पडली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पत्रादेवी आणि इतर ठिकाणी पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर भारताने सरहद्द जवळजवळ बंदच केली, आगगाडी थांबली आणि सप्टेंबरपासून गोव्यातील भारतीय वकिलातही मिटली.

या निर्बंधांमागील कारण न्याय्य होते, याविषयी आमच्या मनात शंका नाही. निःशस्त्रांवर गोळ्या झाडणाऱ्या सत्तेशी नेहमीसारखा व्यापार चालू ठेवावा, असे कोण म्हणेल? परंतु कारण न्याय्य असले म्हणजे परिणाम हवा तोच होतो, असे नाही. ही नाकेबंदी कोणाला झोंबली? सालाझारच्या राजवटीला ती झोंबावी अशी अपेक्षा होती. पण त्या राजवटीला समुद्र मोकळा होता. हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, जपानचे सिमेंट बोटींतून आले. दाबोळीला विमानतळ झाला. खाणींतील लोखंडाची माती जपान आणि जर्मनीकडे जाऊ लागली, आणि १९६१ च्या सुमारास ही निर्यात वर्षाला साठ लाख टनांवर पोचली. गोव्याच्या बंदरांत उतरलेले सोने आणि घड्याळे रानवाटांनी इकडे येत राहिली. चोरट्याला परवाना कधीच नको असतो, त्यामुळे परवान्याचा नियम कडक झाल्याने त्याचे काही बिघडत नाही. उलट त्याच्या मालाचा भाव वाढतो.

झोंबले ते कोणाला? मुंबईत राबणाऱ्या आणि घरी पैसे पाठवू न शकणाऱ्या गोवेकराला. ज्याचा बाजार हद्दीपलीकडे राहिला त्या बांद्याच्या शेतकऱ्याला. ज्या घरची लेक डिचोलीस दिली होती आणि माहेर सावंतवाडीस होते, त्या घराला. यांपैकी कोणापासूनही भारताला भय नव्हते. उलट गोवा मुक्त व्हावा अशी इच्छा असणारे पुष्कळजण त्यांच्यातच होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तो सैन्याच्या कारवाईने, नाकेबंदीने नव्हे.

याच तंट्याची एक बाजू हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेली, आणि तेथे जो निकाल लागला तो आमच्या मते या विषयावरील अत्यंत उपयुक्त कागदांपैकी एक आहे. दमण समुद्रकाठी आणि दादरा-नगरहवेली आत, मध्ये भारताची भूमी. या भूमीतून जाण्याचा आपल्याला हक्क आहे, असा दावा पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात लावला. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. न्यायासनावर भारताने नेमलेले न्यायाधीश होते मुंबईचे महंमद करीम छागला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल झाला. न्यायालयाने सव्वाशे वर्षांचा वहिवाटीचा इतिहास तपासला आणि प्रवाशांचे दोन भाग केले. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना जाण्याचा हक्क होता, परंतु तो भारताच्या नियमनाखाली आणि देखरेखीखाली. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना तसा हक्क नव्हता. आणि १९५४ मध्ये दादऱ्यातील उठावामुळे जो तणाव निर्माण झाला होता, तो पाहता भारताने त्या वेळी वाट अडविली यात त्याने आपले कर्तव्य मोडले नाही.

हा निकाल पाटीलकी-वतनाच्या तंट्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना सहज समजेल. शेजाऱ्याच्या बांधावरून बैल नेण्याची वहिवाट असते. बांधाचा मालक ती वहिवाट मोडू शकत नाही. पण कोणत्या वेळी न्यावेत, पिकात शिरू देऊ नयेत, एवढे तो सांगू शकतो. आणि कुऱ्हाडी घेऊन माणसे निघाली, तर वहिवाटीचे नाव सांगून त्यांना जाता येत नाही. गावात दंगा उसळला असेल तर चार दिवस वाट बंदही ठेवता येते. पण ते चार दिवस असतात, ती कायमची रीत होत नाही. सुरक्षिततेचा सगळा विचार या दाखल्यात बसतो.

यावर कोणी म्हणेल, की जग आता पूर्वीचे राहिले नाही; एक फट राहिली तरी शेकडो जीव जातात. हे खरे आहे, आणि महाराष्ट्राइतके हे दुसऱ्या कोणत्या प्रांताने भोगले असेल? १९९३ च्या मुंबईतील स्फोटांसाठी लागलेली दारू रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडी आणि दिघी येथे उतरली. परंतु ती कशी उतरली? या खटल्यात कस्टमचे अधिकारी आणि पोलीस यांच्यापैकीही काहीजण दोषी ठरले. म्हणजे नियम होता, नाका होता, पहारेकरीही होता. विकला गेला तो पहारेकरी. २००८ च्या नोव्हेंबरात मारेकरी आले ते ‘कुबेर’ नावाची मच्छीमार नौका पळवून. आणि त्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना ओळखपत्रे आणि नौकांना नोंदणीची सक्ती आली. ओळखपत्र वाईट नाही; तुफानात सापडलेल्या कोळ्याची ओळख पटविण्यासही ते उपयोगी पडते. परंतु कोळ्याच्या खिशात कार्ड आले म्हणून किनारा सुरक्षित झाला असे मानून पहाऱ्याच्या नौका आणि प्रामाणिक अधिकारी यांच्याकडे दुर्लक्ष झाले, तर आपण स्वतःचीच समजूत घालीत राहू.

इतर राष्ट्रांनी या पेचातून कशी वाट काढली? अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधील हद्द जगातील सर्वांत लांब. पूर्वी तेथील नागरिक तोंडी सांगून किंवा वाहन चालविण्याचा परवाना दाखवून ये-जा करीत. २००१ च्या सप्टेंबरातील हल्ल्यानंतर नियम बदलला आणि १ जून २००९ पासून जमिनीवरील नाक्यांवरही पासपोर्ट किंवा तशा तोलाचा कागद आवश्यक झाला. हद्दीवरची दुकाने आणि हॉटेले धास्तावली. सहज पलीकडे जेवावयास जाणारे कुटुंब पासपोर्टासाठी पैसे खर्चील काय, हा त्यांचा प्रश्न होता. तेव्हा वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, मिशिगन अशा हद्दीवरील राज्यांनी वाहनपरवान्यातच नागरिकत्वाची खूण घालून तो नाक्यावर चालेल असा केला. नियम सैल झाला नाही. कागद तेवढा स्वस्त आणि हाताशी आला. आपल्याकडेही भारत आणि बांगलादेश यांनी २०११ मध्ये मेघालयातील कलाईचर येथे हद्दीवरचा पहिला बाजार सुरू केला. पाच किलोमीटरच्या आतील रहिवाशांना ओळखपत्र, विकावयाचा माल ठरलेला, खरेदीला मर्यादा. आणि एवढे पाळले तर जकात नाही.

ही दोन्ही उदाहरणे एकच गोष्ट सांगतात. हद्दीजवळ राहणारा, नेहमी येणारा-जाणारा मनुष्य आणि दुरून आलेला अनोळखी मनुष्य यांना एकच माप लावू नये. पहिल्याची ओळख एकदा नीट पटवून घ्यावी आणि मग त्याला वारंवार अडवू नये. त्याने वाचलेला वेळ पहारेकऱ्याने दुसऱ्याची कसून चौकशी करण्यात घालवावा. यात व्यापाराचे हित आहेच. पण पहाऱ्याचेही आहे, कारण शंभर निरुपद्रवी माणसांचे कागद तपासून थकलेल्या डोळ्यांना एकशेपहिला उपद्रवी दिसत नाही.

आणि हा प्रश्न केवळ परराष्ट्रांच्या हद्दीचा आहे असेही कोणी समजू नये. २०२० साली साथ आली तेव्हा १९६१ मध्ये पुसलेली पत्रादेवीची रेषा पुन्हा उमटली. पासाशिवाय गोव्यात प्रवेश नव्हता. पुढे १० मे २०२१ पासून रोगमुक्ततेचा दाखला हवा असा उच्च न्यायालयाचा हुकूम झाला. हेतू जीव वाचविण्याचा होता. परंतु दोडामार्ग, बांदे येथून रोज गोव्यात कामाला जाणारा मजूर आणि बांबोळीच्या इस्पितळावर ज्याची भिस्त तो सिंधुदुर्गातील रोगी, यांची पुन्हा तीच कुचंबणा झाली. साठ वर्षांनंतरही नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पहिल्या दिवशी तो मजूर आला नाही. तक्रारी झाल्यावर मग त्याची आठवण झाली.

म्हणून आमची सूचना मोठी नाही. सरहद्दीचा कोणताही नवा नियम करताना सरकारने तीन प्रश्नांची उत्तरे जाहीरपणे द्यावीत. हा कागद कोणाला अडविण्यासाठी आहे? त्या मनुष्याला तो खरोखर अडवील काय? आणि जो निरुपद्रवी मनुष्य यात सापडणार आहे, त्याला हा कागद किती दिवसांत, किती पैशांत आणि किती दूर जाऊन मिळेल? शिवाय संकटकाळी घातलेल्या बंदीला मुदत असावी आणि मुदत संपताच तिची कारणे पुन्हा तपासावीत. मुदत नसलेली बंदी पहारेकऱ्याला आळशी करते आणि नाक्यावर लाचेची सोय करून ठेवते.

सेनापती बापट परवान्याशिवाय हद्द ओलांडून गेले ते अन्यायी सत्तेविरुद्ध. आज हद्दीवर उभी असते ती आपलीच सत्ता, आपल्याच मतांनी आलेली. तिचा नियम आपण मोडणार नाही, पाळू. पण म्हणूनच तो नियम शहाणपणाचा असावा, असे बजावून सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि तो पारनेरमधूनही बजावता येतो.