आधी भरती पाहा, मग पक्षी

(जासई येथील भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सुट्टीला दुर्बीण घेऊन पाणजेच्या पाणथळीवर जाणारा. उरण हे मुळात बेट. भराव पडत गेले आणि ते जमिनीला जोडलं गेलं. पाणजे ही तिथली उरलेली सुमारे २८९ हेक्टरची ओली जागा. हिवाळ्यात इथे रोहित, शेकाटे, तुतारी उतरतात. नियोजनाच्या नकाशावर मात्र तिथे द्रोणागिरीचे सेक्टर आहेत.

एका सकाळी तिथे कोरडा चिखल दिसला. मी ‘पक्षी नाहीत’ अशी नोंद करून निघालो होतो. तेवढ्यात एका वयस्कर मच्छीमार काकांनी विचारलं, उघाडी बघितलीस का? भरतीचं पाणी आतच आलं नव्हतं. पाणी नाही म्हणून मासळी नाही, मासळी नाही म्हणून पक्षी नाहीत आणि काकांचं जाळंही रिकामं. माझ्या नोंदीत यातलं फक्त शेवटचं टोक होतं.

जासईत हे सांगताना संकोच वाटतो. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी जमिनीसाठी लढले, पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या लढ्यातून आला. ज्यांनी एवढी किंमत मोजली, त्यांना शहरातून आलेल्या माझ्यासारख्याने ‘बांधकाम नको, पक्षी वाचवा’ एवढंच सांगणं बरोबर नाही.

पण शेताचा सातबारा होता, खाडीचा नव्हता. मच्छीमाराचा हक्क सिद्ध करायला फार वर्षं गेली. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंदराच्या कामामुळे बाधित १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा निवाडा दिला. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. खाडीवर जगणाऱ्यांचं नुकसान मोजता येतं, हे मात्र त्यातून ठरलं.

मग आपणही मोजू या. पाणजेला जाल तेव्हा भरतीची वेळ, उघाडीची स्थिती आणि पाण्याची पातळी लिहा. तारीख-वेळेसह फोटो घ्या. पक्ष्यांचा आकडा त्याच्या खाली येऊ दे. तक्रार करायची तर कोळीवाड्यातल्या माणसांना सोबत घेऊन, त्यांच्या सह्या पहिल्या ठेवून करा.

मी आता आधी उघाडीवर जातो. दुर्बीण नंतर काढतो.