कोंबडीच्या घरात बाईची शक्ती किती?

(भंडारा जिल्ह्यातील महिला बचत गटांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

कोंबडीला घाम येत नाही. ऊन तापलं की ती चोच उघडून धापा टाकते, खाणं सोडते, अंड्याचं कवच पातळ होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. मग सल्ला मिळतो : पंखा लावा, गोणपाटं ओली ठेवा, छपरावर पाणी मारा. पंख्याचं बिल सगळ्यांना दिसतं. छपरावर मारायच्या पाण्याचे हंडे मात्र बाई वाहते, आणि त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो. वीज वाचवणारी शेड म्हणताना ही शक्तीही मोजायला हवी.

बांधतानाच विचार केला तर दोन्ही वाचतात. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आखूड भिंतींवरच पडेल. लांब बाजूंना भिंत गुडघ्याएवढी, वर जाळी. जाळी बारीक हवी, मुंगूस फार हुशार असतं. छप्पर भिंतीच्या बरंच पुढे येऊ द्या. टिन असेल तर वरून चुना मारा. खाली धानाचं तूस पसरा. राइस मिल आपल्याकडे दूर नाही. तूस ओलं राहू देऊ नका, नाहीतर उग्र वास सुटतो.

पिल्लांचं उलटं. त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. पन्नास पिल्लांना १०० वॅटचा एक दिवा पुरतो. दहा तासांत एक युनिट. पण उघड्या शेडमध्ये ती ऊब उडून जाते. पुठ्ठ्याचं गोल कडं करा, दिवा मध्ये टांगा, रात्री जाळीवर गोणपाट सोडा. वरची फट हवेसाठी उघडी ठेवा. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर थंडी आहे, कडेला पळाली तर दिवा वर घ्या. इथे एलईडी चालत नाही, त्याला ऊबच नसते.

हे बाईला कळतं, कारण रात्री दिव्यापाशी उठणारी तीच. पण शेड कुठे आणि कोणत्या दिशेला, ते घरधनी आणि गवंडी ठरवतात. जागा त्याची, मीटर त्याचं. कर्ज मागायला गेलं की पहिला प्रश्न जागेचाच. २००३च्या शासन निर्णयाप्रमाणे ग्रामपंचायतीच्या दप्तरात घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावता येतं. एकट्या राहणाऱ्या बायांनीही आपली नोंद तपासावी. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने नमुना आठचा उतारा आणावा. आधी नावं वाचू, मग शेडचे नकाशे काढू.