औषधाचा घाव आणि पेशीची दुरुस्ती

केमोथेरपीचं औषध पेशीच्या डीएनएवर घाव घालतं, हे आपण ऐकलेलं असतं. पण पेशी तो घाव भरूनही काढते, आणि औषध लागू पडणार की नाही हे पुष्कळदा त्यावरच ठरतं.

सिसप्लॅटिन घ्या. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवर होणारा परिणाम तपासत होते. जिवाणू लांबत गेले, पण त्यांचं विभाजन थांबलं. ही करामत विजेची नव्हती. प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून द्रावणात उतरलेल्या संयुगांची होती. त्यातूनच हे औषध आलं. त्यातलं प्लॅटिनम डीएनएच्या धाग्यावरची ग्वानिन नावाची दोन शेजारची अक्षरं एकत्र जखडतं. धागा वाकतो, त्याची नक्कल अडते.

मग दुरुस्ती सुरू होते. काही प्रथिनं वाकलेली जागा हेरतात, काही पीळ उलगडतात, आणि दोन एन्झाइम दोन्ही बाजूंनी काप घेऊन साधारण तीस अक्षरांचा तुकडा काढून टाकतात. समोरचा धागा शाबूत असतो. त्याच्याबरहुकूम नवा तुकडा भरला जातो. किती नेमकं काम! ते उलगडणारे अझीझ सान्जार मूळचे तुर्कस्तानातले डॉक्टर. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना लिंडाल आणि मॉड्रिच या शास्त्रज्ञांसोबत मिळालं.

वृषणाचा कर्करोग पसरलेला असतानाही बहुतेक तरुण सिसप्लॅटिनने बरे होतात. त्या गाठीच्या पेशींत काप घेणारी प्रथिनं कमी असतात, हे त्याचं एक कारण.

डीएनएचे दोन्ही धागे तुटले, तर अचूक दुरुस्तीसाठी बीआरसीए जनुकांची प्रथिनं लागतात. या जनुकांतला दोष वारशाने आला, तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गाठीच्या पेशींत बहुधा जनुकाची उरलेली चांगली प्रतही गेलेली असते आणि ही दुरुस्ती बंद पडते. म्हणून प्लॅटिनमची औषधं तिथे अधिक लागू पडतात, आणि दुरुस्तीची दुसरी वाट अडवणारं ओलापारिब हे औषधही. अर्थात गाठही स्वस्थ बसत नाही. कधीकधी त्या जनुकात नवा बदल होऊन दुरुस्ती पुन्हा सुरू होते आणि औषध निष्प्रभ ठरतं.

घरात कुणाला अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर बीआरसीए तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. तिचा उपयोग रुग्णाचे उपचार ठरवताना होतो, आणि रुग्णाच्या बहिणींना व मुलांना वेळीच सावध करण्यासाठीही.