उतरण्याची जागा

सायकल चालविणे आपण बहुतेकांनी लहानपणी गुडघे फोडून घेऊन शिकलेले असते. त्यामुळे तीत आणखी काही शिकावयाचे उरले आहे असे मोठेपणी कोणास वाटत नाही. मलाही वाटत नव्हते. मी शाळामास्तर आहे, वयाची पंचेचाळिशी गाठली आहे, आणि गेल्या नाताळच्या सुटीत उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, बाजारकुणंग या गावी, नववीतल्या एका मुलाने मला सायकलीवरून कोठे उतरावे हे शिकविले. त्याचीच हकीकत आज सांगणार आहे.

प्रथम माझ्या सायकलीविषयी सांगितले पाहिजे, कारण घडल्या प्रकाराचा सगळा दोष तिच्यावर लोटण्याचा मोह मला त्या दिवशी झाला होता. या जातीच्या सायकलीस ग्रॅव्हल बाइक म्हणतात. आपण खडीची सायकल म्हणू. शर्यतीच्या सायकलीप्रमाणे तिचे हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले असते, पण टायर तिच्याहून रुंद. माझ्या सायकलीचे ४० मिलिमीटरांचे आहेत. डांबरी सडकेवर ती चपळ चालते आणि मुरमाच्या कच्च्या रस्त्यावरही फारशी डगमगत नाही. डोंगरातल्या पायवाटांसाठी असते ती माउंटन बाइक निराळी. तिचे टायर माझ्या टायरांच्या जवळजवळ दीडपट रुंद, हँडल आडवे व लांब, आणि पुढच्या चिमट्यात धक्के गिळणारी स्प्रिंग अथवा हवेची नळी. माझ्या सायकलीच्या चिमट्यात असले काही नाही. तिच्यावर बसणारे धक्के गिळावयाचे ते टायरांनी आणि माझ्या कोपरांनी.

या दोन्ही जातींचा उगम अमेरिकेत झाला असे मानतात. कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात काही तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन १९७६ साली डोंगरउतारावर शर्यती सुरू केल्या. खाली पोहोचेपर्यंत मागच्या चाकातील ब्रेकचे ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे, म्हणून त्या उतारास 'रीपॅक' असेच नाव पडले. माउंटन बाइकचा जन्म तो. खडीच्या सायकलीस पुढे आणले ते कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावाभोवती २००६ पासून भरणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतीने. २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. पण मिळेल ती सायकल घेऊन आडवाटेस शिरण्याची हौस याहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडात १९५५ साली खडबडीत वाटांनी सायकल नेणाऱ्या मंडळींनी 'रफ स्टफ फेलोशिप' नावाचा संघच काढला होता. आणि त्याच्याही आधी, १९२३ साली, मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ साली ती पुरी करून परतले. इराण-इराकची वाळवंटे त्यांनी तुडविली, तेव्हा खडीची सायकल नव्हती आणि डोंगराचीही नव्हती.

हे सारे मी वाचले होते, आणि वाचले म्हणजे आपणांस आले अशी माझी समजूत झाली होती. मास्तरांना हा रोग लवकर जडतो.

माझा एक जुना विद्यार्थी बेळगावात नोकरीस आहे. त्याचे घर बाजारकुणंगला. त्याच्या आत्याबाई गावापासून चारेक किलोमीटरांवर, जंगलापलीकडच्या एका वाडीत राहतात. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या. मी त्या बाजूस सायकलीने जाणार असे कळताच त्याने गोळ्यांची पुडी माझ्या स्वाधीन केली. नाताळ घरी साजरा करून दुसऱ्या दिवशी मी लोंढ्यापर्यंत सायकल रेल्वेने नेली आणि तेथून पुढे चालवीत निघालो. रामनगर मागे पडले, हळूहळू घरे विरळ झाली आणि दोन्ही बाजूंनी झाडी जवळ आली. खड्ड्यांचे रस्ते आम्हां सीमाभागातील लोकांस नवे नाहीत. परंतु हँडलास बांधलेल्या पिशवीत घरच्या नेवऱ्या होत्या; बाजारकुणंगास पोहोचेपर्यंत त्यांचा भुगा झाला. यजमानीणबाईंनी तो ताटलीत ओतून चमच्याने सर्वांस वाटला व गोड मानून घेतला. स्प्रिंग नसलेल्या चिमट्याविषयी याहून स्पष्ट दाखला मिळावयाचा नाही. पण तो मी वाचला नाही.

दुपारी भाताबरोबर उकडलेले कंद वाढले होते. जोयड्याच्या कुणबी लोकांनी जतन केलेले हे कंद पुष्कळ प्रकारचे असतात, आणि जोयड्यास त्यांचा मेळाही भरतो. त्यांची चव अजून जिभेवर आहे. पण विषय सायकलीचा आहे.

जेवणानंतर गोळ्यांची गोष्ट निघाली. आत्याबाईंच्या गोळ्या दोन दिवसांपूर्वीच संपल्याचा निरोप आला होता. घरातील धाकटा मुलगा लगेच निघावयास तयार झाला. मीही येतो म्हणालो. या तालुक्यातील बरेचसे जंगल आज काळी व्याघ्र प्रकल्पात मोडते. दांडेलीचे अभयारण्य व अणशीचे राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली हा प्रकल्प जाहीर झाला, आणि २०१५ साली त्यास काळी नदीचे नाव मिळाले. तेव्हा वाटेल त्या रानात सायकल घालण्याची मोकळीक येथे नाही, आणि नाही हेच बरे. आम्ही जाणार होतो ती वाट मात्र वाडीच्या लोकांच्या नित्याच्या वहिवाटीची होती. तसे विचारूनच मी निघालो.

मुलाची सायकल पाहून मला हसू आले, ते मी दाबले. कर्नाटक सरकार २००६-०७ पासून सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलामुलींस सायकली देत असे. करोनाच्या साथीत ती योजना थांबली. तेव्हा या मुलाच्या वाट्यास आली होती ती त्याच्या थोरल्या बहिणीला शाळेत मिळालेली. मधली दांडी नाही, पुढे तारेची टोपली, गिअर एकच, आणि मागचा ब्रेक करकरणारा. टोपलीत त्याने आत्यासाठी तांदळाची पिशवी ठेवली आणि सुतळीने बांधली. गोळ्या मी माझ्या खिशात ठेवल्या. टायरांतील हवा पन्नास पौंडांवरून तीसवर आणली. हे मात्र मी बरोबर केले. हवा कमी असली म्हणजे टायर दगडावर आपटून उसळत नाही, त्यास धरून चालतो. फार कमी केली तर रिम दगडावर आदळते, हेही ध्यानात ठेवावे.

साडेचारास आम्ही निघालो. पहिला मैलभर वाट शेतांच्या कडेने व मग सपाट रानातून गेली. भात कापून झालेले, माती कोरडी, वर जांभ्या दगडाची बारीक खडी. येथे माझी सायकल अशी धावली की मी दोनदा थांबून मुलाची वाट पाहिली. पुढे वाट ऐन-किंजळीच्या दाट झाडीत शिरली आणि ओहोळाकडे उतरू लागली. डिसेंबरात या रानात पाचोळ्याचा जाड थर असतो. खाली मूळ आहे, दगड आहे की पावसाने पाडलेली घळ आहे, हे वरून कळत नाही. माउंटन बाइकचे रुंद टायर व स्प्रिंग तेथे स्वाराच्या पुष्कळ चुका पोटात घालतात. अरुंद टायरांची सायकल एकही चूक पोटात घालीत नाही.

मुलगा मागून ओरडला, "सर, पुढं उतरायचं हां!"

त्याच्या म्हणण्याचा अर्थ मला कळला नाही असे नाही. पण उतरणे म्हणजे हार, असे माझ्या डोक्यात होते. पुस्तकांतील सूचना मला पाठ होत्या: हात हँडलाच्या खालच्या वळणावर धरावे, म्हणजे ब्रेक जोराने दाबता येतात, बूड सीटवरून उचलून मागे न्यावे, दोन्ही पायडल समांतर ठेवावे, नजर चाकाजवळ न ठेवता दहा हात पुढे ठेवावी, वेग अडचणीच्या आधी कमी करावा, अडचणीत नव्हे, आणि मूळ आडवे आले तर ते काटकोनात ओलांडावे. सूचना खऱ्या आहेत, आणि पहिली दोन मुळे मी त्यांच्या आधारे ओलांडलीही. तिसरे तिरपे होते. पाचोळ्याखाली होते. पुढचे चाक त्यावरून घसरून दगडाच्या फटीत अडकले. घाबरून मी पुढचा ब्रेक आवळला, आणि हँडलावरून पलीकडे गेलो.

मनगट मुरगळले व ढोपर सोलवटले, याचे फारसे नाही. पण सायकल उजव्या अंगावर पडली होती. मागच्या गिअरचा सांगाडा आत वाकून चाकाच्या आऱ्यांना लागत होता. पायडल मारला की खडखड होई. आणखी मारला असता तर आरे तुटून चाकच निकामी झाले असते. अर्धी वाट सरली होती, अर्धी पुढे होती. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेले होते. फोन काढून पाहिला, रेंज नव्हती.

मुलाने आपली सायकल झाडास टेकवून ठेवली होती. उताराच्या तोंडाशी तो मुकाट्याने उतरला होता आणि एका हाताने हँडल, दुसऱ्याने तांदळाची पिशवी सांभाळीत चालत खाली आला होता. तो म्हणाला, "सर, तुम्ही बसा इथं. मी गोळ्या देऊन येतो."

श्रोते हो, त्या क्षणी मला जी भीती वाटली ती पडताना वाटली नव्हती. बिबटे, अस्वले, गवे या रानात आहेत. पण भीती त्यांची म्हणून नव्हती. परक्याचे मूल माझ्या भरवशावर घरून निघाले होते. काळोख पडणार होता, तो माझ्या हट्टापायी. त्यास एकट्याने पुढे धाडणे मला पटेना. परत फिरलो तर पलीकडे दोन दिवस औषधावाचून असलेली म्हातारी. मी म्हणालो, "दोघे मिळून जाऊ, चालत." त्याने माझी सायकल उचलून ओहोळापलीकडे नेली, मग स्वतःची नेली, आणि आम्ही चालू लागलो. त्या अंधुक उजेडात मी पहिल्यांदा ती वाट नीट पाहिली. सायकलीवरून मला तिच्यात अडथळेच दिसले होते. पायी चालताना जाण्याची रेघही दिसली: गुरांनी झिजवलेली, मुळांना वळसा घालून जाणारी, हातभर रुंद.

वाडीत पोहोचलो तेव्हा पूर्ण काळोख होता. आत्याबाईंनी आधी माझ्या ढोपराला हळद लावली. मग माझ्या फार आग्रहाने गोळी घेतली. मुलाने सारा प्रकार सांगितला, पण एक शब्द गाळून. "उतरायचं" असे आपण ओरडलो होतो, हे त्याने सांगितले नाही. मीही सांगितले नाही. रात्री नवाच्या सुमारास अंगणात बॅटऱ्यांचा उजेड दिसला. मुलाचे वडील दोन शेजाऱ्यांना घेऊन शोधीत आले होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरविला, माझ्या मनगटाकडे पाहिले, आणि एवढेच विचारले, "मास्तर, उतारावर उतरला नव्हता काय?"

वर्गात मुले चुकली म्हणजे मी बोलतो ते पुष्कळ असते. त्या माणसाने एका प्रश्नात काम भागविले. मग मी सगळे सांगितले, गाळलेला शब्दही. ते म्हणाले, "पोरगं ओरडलं असणारच."

सकाळी मुलाने कोठूनसा एक पाना आणला आणि वाकलेला सांगाडा बेताबेताने बाहेर ओढला. चेन मधल्या दोन गिअरांवर चालू लागली. तेवढे पुरे होते. परतताना तो पुढे व मी मागे असा क्रम आम्ही न बोलता ठरविला. चार किलोमीटरांत तो सात ठिकाणी उतरला. काही ठिकाणी उतरणे दहा पावलांचे होते, ओहोळाशी ते शंभरेक पावलांचे झाले. मी त्याच्यामागे सातही ठिकाणी उतरलो. उरलेली वाट माझी सायकल त्याच्याहून अधिक सुखाने चालली, हे मला सांगितले पाहिजे. तिच्यावर अन्याय नको. तेव्हा कोणी मला विचारील, अशा वाटांवर खडीची सायकल न्यावी काय, तर मी म्हणेन, न्यावी. पण रोज त्या वाटेने जाणाऱ्याला पुढे घालावे, आणि तो उतरला की उतरावे. उतारावरून न उतरता जावयाचेच असेल, तर माउंटन बाइक घ्यावी आणि त्यासाठी मुद्दाम राखलेल्या वाटेवर जावे. वाडीच्या वहिवाटीच्या वाटेवर नव्हे. तेथे समोरून डोक्यावर भारा घेतलेली बाई येत असते.

घरी आल्यावर मुलाने विचारले, "सर, मी एकदा चालवून बघू?" मी सायकल दिली. सीट त्याला उंच होती. तरी त्याने अंगणाभोवती चार फेरे घेतले, मग रस्त्याने वळणापर्यंत गेला, आणि वाऱ्यासारखा परत आला. खाली वळलेले हँडल त्याने हात फिरवून पाहिले, पुढचे चाक उचलून वजन पाहिले, मागे पाहिले, पुन्हा पुढे पाहिले.

"चांगली आहे, सर," तो म्हणाला. "हलकी आहे. पण तांदळाची पिशवी हिला कुठं बांधायची?"