खर्च आणि खालसा

मार्च महिना सरत आला की कचेऱ्याकचेऱ्यांतून एकच हाकाटी ऐकू येते : "पैसे लॅप्स होतील!" मग अकरा महिने अडलेल्या फायली आठवड्यात निकालात निघतात आणि माणसांआधी खुर्च्या येऊन पडतात.

हा 'लॅप्स' शब्द तंजावरच्या मराठ्यांनी फार पूर्वी ऐकला. 1855 साली दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून निवर्तले आणि कंपनीने ती गादी याच शब्दाच्या आधारे खालसा केली.

त्यांचे वडील सरफोजीराजे. 1799 च्या तहाने त्यांचा कारभार गेला. उरले ते सालिना एक लाख पॅगोडा आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. त्या ठरीव नेमणुकीतून त्यांनी सरस्वती महालासाठी देशोदेशींचे ग्रंथ जमविले. गादी गेली, ग्रंथ राहिले, आणि 1918 पासून ते सर्वांस खुले झाले.

केंद्र सरकारच्या 2017 च्या वित्तीय नियमांत वर्षअखेरीच्या खर्चाची घाई हा आर्थिक औचित्याचा भंग मानला आहे. तरी घाई थांबत नाही. कारण जो पैसे वाचवितो, त्याचीच पुढील सालची तरतूद कापली जाण्याचे भय असते. काटकसरीला ही शिक्षा का असावी? प्रामाणिकपणे शिल्लक परत करणाऱ्या खात्यास अभय मिळाले पाहिजे.

लॅप्स झालेला पैसा खजिन्यातच राहतो, दुसऱ्या कामी येतो. घाईने उधळलेला मात्र कायमचा जातो.